उंच सूर

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. मीलिचच्या तळ्यांवर
अजून उजाडायचंय, आणि हालिना
गाडीच्या टपावर थर्मास ठेवून म्हणते,
"धुकं आहे, पण टिकायचं नाही."
एकतीस वर्षं ती पोस्टात होती.
हवामानाची पत्रं तिला अजून येत असावीत.

मी बस चालवायचो. इंजिन उजव्या अंगाला,
त्याने आधी उजवा कान खाल्ला,
मग डाव्याची चव घेतली.
डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली:
बराच वेळ सरळ चालते
आणि मग कडा आल्यासारखी कोसळते.
"याच्या पलीकडचं विसरा," म्हणाला.
पलीकडे कोण राहतं, ते त्याने विचारलं नाही.
बोरूतले वटवटे राहतात.
पाइनच्या शेंड्यावर दोन नाण्यांच्या वजनाचा एक जीव राहतो.
खंड्या राहतो.

बांधावर बोगुस्वाव मोरीच्या फळ्या काढतोय,
एकेक, घाई नाही.
कार्प धरायचे म्हणून तळं दरवर्षी असंच उतरतं,
आणि पाण्याखालचा चिखल पहिल्यांदा ऊन बघतो.
एक गमबूट निघाला. माझा नव्हे.
तीन वर्षांपूर्वी पडलेलं माझ्या दुर्बिणीचं झाकण
याही वर्षी निघालं नाही.
त्या चिखलावर तुतवार
शेपूट हलवत असा चालतो
की जणू जागा त्याच्या नावावर आहे
आणि आम्ही मोजणीदार.

आहोतच. टिटव्या मोजतो.
हालिना दहा-दहाचे गठ्ठे बांधते टपालासारखे.
"दोनशे चौदा."
"दोनशे नऊ," मी.
तेवढ्यात भोवत्या बोरूवरून तिरका येतो,
सगळं तळं उठतं,
काळं, पांढरं, काळं, पांढरं,
आणि परत बसतं, वेगळ्याच क्रमाने.
आता कोणाचं बरोबर ते टिटव्यांनाही सांगता येणार नाही.
मी वहीत दोनशे अकरा लिहितो.
हालिना बघते. काही बोलत नाही.
राय पावाचा तुकडा देते, त्यावर आंबवलेली काकडी.

मग पाव चावता चावता तिचं बोट वर होतं.
मी थांबतो. चावणंही थांबवतो.
मोरीचं पाणी ऐकू येतं,
दूर एक ट्रॅक्टर,
माझंच रक्त.
"खंड्या," ती म्हणते. "गेला."

नियम आहे: दिसला किंवा ऐकला तर लिहायचा.
कोणी ऐकला, ते नियमात नाही.
मी पेन्सिल धरून बसतो.
गेल्या वर्षी मी मान डोलावली होती.
त्याच्या आदल्या वर्षीही.
या वेळी म्हणालो, "हालिना, मला तो येत नाही आता."

ती ओठ चाटते. चष्मा काढते, उगाच.
मग त्याची ती बारीक शिट्टी
जिन्यावरून जड ट्रंक उतरवावी तशी
एकेक पायरी खाली आणत
माझ्या कड्याच्या अलीकडे आणून ठेवते.
बेसूर. खंड्याला ऐकवली असती तर लाजला असता.
पण होती. दोन सूर, दुसरा जरा आखूड.
"असा," ती म्हणाली. "याच्यापेक्षा पुष्कळ वर."
बोगुस्वावने फळी हातात धरून
आमच्याकडे पाहिलं, आणि कामाला लागला.

दुपारी ऊन. तलवार बदकं झोपलेली,
डोकी पाठीत खुपसून, एकाच वाऱ्याकडे तोंड करून.
थापट्या गोल गोल फिरतात,
पाणी गाळतात, पुन्हा तेच पाणी.
मला डुलकी लागली. हालिनाने लागू दिली.

साडेसहाला मी उठलो ते आवाजाने.
आधी छातीत, मग डाव्या कानात,
रिकाम्या पिंपात कोणी हाक मारावी तसा.
"कुलंग," मी म्हणालो.
हालिनाने कान दिला. आभाळ बघितलं.
"कुठे?"
"येतायत."
आणि आले, मक्याच्या शेतांकडून,
लांब, ढिल्या रांगा,
तिसरी दुसरीत मिसळली, मागे पिल्लांचे चिरके आवाज,
असं हालिना म्हणाली. मला मोठेच ऐकू आले.

मोजले. ती चारशे तीस, मी चारशे सहा.
भांडलो. जागा कोरी ठेवली, उद्या फोनवर ठरवू.
वरच्या ओळीत लिहिलं:
खंड्या, एक. कंसात, हालिना.
वही मिटताना पाहिलं तर
तिने त्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं:
कुलंग आधी ऐकले, विटोल्डने.

गाडी तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर सुरू झाली.